जुन्या गाडीचा सैल गिअर नॉब: आधी दोष शोधा, मग पक्का बसवा

गिअर नॉब हातात फिरायला लागला की बहुतेकांचा हात फेविक्विककडे जातो. तो थांबवा. फेविक्विक आट्यांच्या फटीत शिरून कडक होतं, पण ठिसूळ राहतं. रोजच्या हादऱ्यांनी महिन्याभरात त्याचा भुगा होतो, नॉब पुन्हा सैल, आणि आता आट्यांत कचरा. त्याच्या वाफेने काळ्या नॉबच्या कडेला पांढुरका थर चढतो तो वेगळाच. उलट चिकटला तर नॉब कायमचा अडकतो. मग दांड्याभोवतीचा रबर बूट फाटला, दांड्याखालचा बुश (सांध्यात बसणारी बाही) बदलायचा झाला किंवा दांड्याला क्रोम करायचं ठरलं, की नॉब कापूनच काढावा लागतो. जुन्या गाडीचा मूळचा नॉब कापणं म्हणजे पुन्हा न मिळणारी वस्तू गमावणं. म्हणून या कामाचा नियम एकच धरा: नॉब पक्का बसला पाहिजे, पण हवा तेव्हा निघालाही पाहिजे.

सैलपणा कुठे आहे?

एका हाताने दांडा नॉबच्या लगेच खाली घट्ट धरा. दुसऱ्या हाताने नॉब आधी फिरवून पाहा, मग आडवा हलवून पाहा. इथे चार वेगवेगळ्या गोष्टी दिसू शकतात आणि चौघांचा उपाय वेगळा आहे.

नॉब फिरतो आणि फिरवत गेलं की वर येतो किंवा खाली बसतो. आटे शाबूत आहेत, नॉब नुसता उकललाय. हे अर्ध्या तासाचं काम.

नॉब फिरतो, शेवटी अडतोही, पण आडवा डुगडुगतो. आटे झिजलेत, किंवा आधीच्या कुणीतरी चुकीच्या आट्यांचा नॉब बसवलाय.

नॉब गोल गोल फिरतच राहतो, वरही येत नाही आणि घट्टही होत नाही. खालून बॅटरीच्या उजेडात पाहा. नॉबच्या पोटातला पितळी किंवा ॲल्युमिनियमचा बुश दांड्यावर जागच्या जागी आणि भोवतीचं प्लॅस्टिक तेवढं फिरतंय असं दिसलं, तर बुश सुटलाय. या दोषात नुसते आटे साफ करून काहीही होणार नाही.

नॉब आणि दांडा एकजीव हलतात, पण दांडाच बोटभर इकडेतिकडे जातो. मग नॉबचा दोष नाही. खालचे बुश, कपलिंग (जोड) किंवा, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर (कॉलमवर) असेल तर, तिथले सांधे झिजलेत. फोक्सवॅगन बीटलमध्ये हे फार दिसतं: मधल्या बोगद्यातल्या शिफ्ट रॉडचा बुश आणि मागच्या सीटखालच्या झाकणाआडचं कपलिंग झिजतं आणि दोष नॉबवर येतो. तिथे हा लेख उपयोगाचा नाही.

एक फसवी खडखडही असते. नॉबच्या माथ्यावरची गिअरच्या खुणांची चकती सैल होते आणि हाताला वाटतं नॉबच सैल आहे. चकतीवर अंगठा दाबून दांडा हलवा. खडखड थांबली तर चकतीखाली पातळ दुहेरी टेपचा तुकडा लावला की काम संपलं.

नॉब काढणे

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड किंवा विटा, गिअर न्यूट्रलमध्ये. नॉबमधून वायर जात असेल, जसं १९७७ च्या मॉडेलपासूनच्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये ओव्हरड्राइव्हचं बटण नॉबमध्येच असतं, तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि वायर सोडवल्याशिवाय नॉब फिरवू नका. रिव्हर्ससाठी कॉलर उचलावी लागणारा दांडा असेल तर कॉलर, स्प्रिंग आणि वायसर कोणत्या क्रमाने निघाले याचा फोटो काढून ठेवा.

नॉबच्या गळ्याशी चेकनट (नॉबला खालून आवळून धरणारा नट) असेल तर तो आधी ढिला करा. एम८ ला (म्हणजे ८ मिमी मेट्रिक आट्यांना) साधारण १३ चा पाना लागतो, एम१० ला १७ चा आणि एम१२ ला १९ चा. बाजूने बारीक ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) असतील तर ॲलन की वापरा, एम४ च्या स्क्रूला २ मिमी आणि एम५ ला २.५ मिमी. हे स्क्रू क्रोम रिंगखाली किंवा चिखलाच्या थराखाली लपलेले असतात. ते न पाहता नॉब पिळला तर दांड्यावर ओरखड्याची गोल रेघ उमटते.

नॉब डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने, फिरवून निघतो. पिळताना दुसऱ्या हाताने दांडा धरायचाच. सगळा पीळ खालच्या सिलेक्टरवर किंवा कॉलमच्या सांध्यांवर जाऊ देऊ नका. पद्मिनी आणि कॉलम-शिफ्टच्या ॲम्बेसेडरमध्ये दांडा लांब आणि आडवा असतो, तिथे याची काळजी दुप्पट. पक्कड लावायची वेळ आलीच तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा दांड्याभोवती दोन फेरे गुंडाळून मगच लावा. नॉबवर मात्र पक्कड नकोच, रबरी हातमोजा पुरतो.

अडकलेल्या नॉबवर हेअर ड्रायरची हवा ५ मिनिटं धरा आणि फिरवून पाहा. हे धातूच्या आणि बेकेलाइटच्या (जुन्या कडक प्लॅस्टिकच्या) नॉबला चालतं. फार जुन्या गाडीचा हस्तिदंती किंवा मोत्यासारखा दिसणारा नॉब सेल्युलॉइडचा असू शकतो आणि सेल्युलॉइड पेट घेतं. त्याला उष्णता अजिबात देऊ नका. डब्ल्यूडी-४० चे दोन थेंब खालून आट्यांत सोडा, रात्रभर थांबा, सकाळी पुन्हा प्रयत्न करा.

आटे मोजणे

सर्वाधिक चुका या टप्प्यावर होतात, म्हणून इथे घाई नको. दांड्याच्या टोकाचे आटे तारेच्या नव्हे, नायलॉनच्या ब्रशने साफ करा, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा आणि व्हर्नियरने बाहेरचा व्यास मोजा. वापरलेला एम८ चा आटा ७.८ ते ७.९ मिमी भरतो, एम१० चा ९.८ च्या आसपास. पण ५/१६ इंचाचा आटाही ७.९४ मिमीच असतो आणि ३/८ इंचाचा ९.५२. म्हणजे नुसत्या व्यासावरून एम८ आणि ५/१६ यांत फरक कळत नाही. पिच, म्हणजे दोन दातांमधलं अंतर, पाहावाच लागतो.

एम८ चा नेहमीचा पिच १.२५ मिमी. ५/१६ यूएनएफला (बारीक इंची आट्यांना) इंचात २४ आटे, म्हणजे पिच १.०६ मिमी. ५/१६ यूएनसीला (जाड इंची आट्यांना) इंचात १८, म्हणजे १.४१ मिमी. एम८ चा नॉब ५/१६ च्या दांड्यावर दोन-तीन फेरे गोड जातो आणि मग जड होतो. तिथे जोर लावला की नॉबचे आटे कापले जातात, आणि जोर न लावता सोडला की नॉब तीन आट्यांवर लटकत राहून आठवड्यात सैल होतो. ‘नवीन नॉब आणला तरी सैलच’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

पिच गेज नसेल तर ओळखीचा बोल्ट दांड्याला आडवा टेकवून दोघांचे दात एकमेकांत बसवा आणि उजेडाकडे धरा. १०-१२ दातांपर्यंत फट दिसली नाही तर पिच तोच. ओळखीचा बोल्टही हाताशी नसेल तर १० मिमी लांबीत दात मोजा: १.२५ च्या पिचला बरोबर ८ भरतात, यूएनएफला साडेनऊच्या आसपास, यूएनसीला सुमारे ७.

गाडीचं कूळ पाहिलं की अंदाज येतो. पद्मिनी फियाटच्या कुळातली, म्हणून मेट्रिक आटे. ॲम्बेसेडर मॉरिसच्या कुळातली आणि जीप विलिसच्या, तिथे इंची आट्यांची तयारी ठेवा. सुझुकीच्या कुळातल्या मारुती ८०० आणि जिप्सीकडे जाताना एम८ बाय १.२५ पासून सुरुवात करा. बीटलमध्ये वर्षानुसार बदल आहे: सगळ्यात जुन्यांना ७ मिमी, मधल्या काळात १० मिमी आणि १९६८ च्या मॉडेलपासून १२ मिमी. पण पन्नास वर्षांत दांडा कुणी बदलला असेल हे सांगता येत नाही, म्हणून शेवटचा शब्द व्हर्नियरचाच.

आटे चांगले आहेत, नॉब नुसता उकलतोय

दांड्याचे आटे गंजले असतील तर त्याच मापाची डाय (बाहेरचे आटे पाडायचं हत्यार) फिरवा. खाली बूटवर फडकं पसरा, नाहीतर लोखंडाचा चुरा बुशपर्यंत जातो. दोन थेंब तेल, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. डायने आटे फक्त साफ करायचे, नवे कापायचे नाहीत. डाय जड जायला लागली तर ती वाकडी बसली आहे किंवा मापाची नाही.

मग तेलाचा अंश पूर्ण पुसा. थिनर किंवा ॲसिटोन दांड्यावर चालेल, नॉबवर नाही. एबीएस आणि ॲक्रिलिक प्लॅस्टिक त्याने विरघळतं, चमक जाते ती परत येत नाही.

नॉबच्या आत धातूचा बुश असेल तर थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारं द्रावण) वापरता येतं. लॉकटाइटचं कमी ताकदीचं जांभळं २२२ या कामाला पुरतं, निळं २४३ ही जास्तीत जास्तची हद्द. लाल नको. दांड्याच्या मधल्या दोन-तीन आट्यांवर एकच थेंब, टोकावर नाही, कारण टोकावरचा थेंब नॉब बसवताना पोटात ढकलला जातो. नॉब बसवून खाली ओघळलेलं लगेच पुसा आणि २४ तास हात लावू नका.

आटे थेट प्लॅस्टिकमध्ये कापलेले असतील तर थ्रेडलॉकर वर्ज्य. हे रसायन हवा तुटल्यावर धातूच्या स्पर्शाने घट्ट होतं. प्लॅस्टिकवर ते नीट घट्ट तर होत नाहीच, वर ताणाखाली असलेल्या एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटला बारीक चिरा पाडतं. नॉब काही दिवसांनी गळ्यापाशी उभा फुटतो आणि दोष मात्र जुन्या प्लॅस्टिकला दिला जातो. अशा नॉबला टेफ्लॉन टेपचे २ ते ३ फेरे पुरेत. टेप दांड्याच्या टोकाकडून पाहताना घड्याळाच्या दिशेने गुंडाळा, म्हणजे नॉब बसवताना ती उलगडणार नाही, आवळली जाईल. पाच-सहा फेरे लागत असतील तर टेप हा उपाय नव्हे, आटे गेलेत.

खुणा सरळ याव्यात म्हणून

नॉब पूर्ण आवळला आणि गिअरच्या खुणा खिडकीकडे तोंड करून बसल्या, हा नेहमीचा घोळ. मग माणूस नॉब अर्धा फेरा मागे आणून तसाच सोडतो, आणि तो नॉब सैल होणारच, कारण त्याला टेकायला काही उरत नाही.

सगळ्यात चांगला मार्ग चेकनटचा. पातळ नट घ्या, एम८ ला ४ मिमी जाडीचा, एम१० ला ५, एम१२ ला ६. आधी नट दांड्यावर शक्य तितका खाली, मग नॉब, खुणा सरळ करा, नॉब हाताने धरून ठेवा आणि नट पान्याने वर आणून नॉबच्या तळाशी आवळा. पातळ नटसाठी पाना पातळ लागतो, सायकलवाल्याकडचा कोन पाना बरोबर बसतो. प्लॅस्टिकच्या नॉबखाली नटच्या आधी एक वायसर द्या, नाहीतर नटच्या कडा तळात रुततात. नट लावल्यावरही नॉबमध्ये निदान दांड्याच्या व्यासाइतकी आट्यांची लांबी उरली पाहिजे. प्लॅस्टिकच्या आट्यांना त्याच्या दुप्पट.

दांड्यावर तेवढे आटे नसतील तर नॉबच्या भोकाच्या तळाशी शिम (पातळ पत्र्याची चकती) टाका. गणित सोपं आहे. १.२५ पिचच्या आट्यावर एक पूर्ण फेरा म्हणजे १.२५ मिमी, म्हणून पाव फेरा म्हणजे ०.३१ मिमी. खुणा पाव फेरा पुढे जाऊन थांबत असतील तर ०.३ मिमीचा शिम त्यांना सरळ आणतो. शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा पत्रा सुमारे ०.१ मिमीचा असतो, त्याच्या तीन चकत्या भोकाच्या मापाने कापून ग्रीसच्या ठिपक्याने तळाशी चिकटवा. खुणा पाव फेरा आधीच अडत असतील तर पाऊण फेऱ्याचा, म्हणजे ०.९४ मिमीचा शिम लागेल, किंवा दांड्याचं टोक कानशीने ०.३ मिमी घासावं लागेल. दांडा मूळचा असेल तर शिमच टाका, कानस नको.

पोटातला बुश सुटला असेल तर

आधी बुश दांड्यावरून काढायचा. नॉब वर ओढत ओढत फिरवा, कधीकधी तेवढ्या घर्षणाने बुशही फिरतो. नाही फिरला तर नॉब सरळ वर खेचून काढा आणि उघड्या बुशला पक्कड लावून उतरवा. बुशच्या बाहेरच्या अंगावर ओरखडे आले तर हरकत नाही, पुढच्या कामाला ते हवेच आहेत.

बुश गुळगुळीत झालाय म्हणून तो सुटलाय. हॅक्सॉच्या पात्याने त्याच्या अंगावर ४ ते ६ उभ्या खाचा पाडा, अर्धा मिमी खोल, आणि मधोमध एक आडवी. उभ्या खाचा फिरणं थांबवतात, आडवी खाच वर निघणं. नॉबच्या भोकातही टोकदार हत्याराने तशाच खाचा करा आणि आतून काचपेपर मारा. हे करायलाच हवं. महाराष्ट्रातल्या मे महिन्यात बंद गाडीतला काळा नॉब उन्हात ६० अंशांच्या पुढे सहज जातो, विदर्भात तर नक्कीच, आणि साधा इपॉक्सी त्या सुमारास मऊ पडायला लागतो. खाचा असतील तर मऊ पडलेला इपॉक्सीही बुशला धरून ठेवतो. नुसत्या चिकटपणावर भरवसा ठेवला तर पहिल्याच उन्हाळ्यात काम वाया.

इपॉक्सी सावकाश घट्ट होणारा घ्या, ॲराल्डाइट स्टँडर्डसारखा. पाच मिनिटांचा प्रकार उष्णतेला आणखी कच्चा असतो. दोन्ही नळ्यांतून सारख्या लांबीची रेघ काढा आणि रंग एकसारखा होईपर्यंत, निदान दोन मिनिटं, कालवा. बुशमध्ये योग्य मापाचा, पूर्ण आट्यांचा ८० ते १०० मिमी लांब बोल्ट आधीच फिरवून ठेवा. बोल्टला गाडीच्या पॉलिश मेणाचे दोन हात द्या आणि बुशचं वरचं तोंड टेपच्या गोल तुकड्याने बंद करा, म्हणजे इपॉक्सी आट्यांत जाणार नाही. बुशला आणि भोकाला दोन्हीकडे इपॉक्सी लावा आणि हळूहळू फिरवत आत ढकला, म्हणजे अडकलेली हवा बाहेर पडेल.

नॉब उलटा करून वाटीतल्या तांदळात रोवा. लांब बोल्ट वर उभा राहील. त्याला दोन बाजूंनी गुण्या लावून तो नॉबच्या तळाशी काटकोनात आहे का ते पाहा. एक अंशाचा तिरकेपणा बोल्टच्या टोकाशी दीड मिमी दिसतो, म्हणून लांब बोल्ट घ्यायचा. बाहेर आलेला इपॉक्सी ओला असतानाच पुसा. २४ तासांनी बोल्ट काढा.

आटेच गेले असतील तर

धातूच्या नॉबला हेलिकॉइल (तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे) बसवा, तो सरळ मार्ग आहे. प्लॅस्टिक, बेकेलाइट किंवा लाकडी नॉबला पितळी बुश लागतो. लेथवाल्याकडून करून घ्या: आत दांड्याच्या मापाचे आटे, बाहेरचा व्यास ८ मिमीच्या दांड्याला १२ मिमी (जाड दांड्याला त्याच प्रमाणात जास्त), लांबी १८ ते २० मिमी, बाहेरून नर्लिंग (खरखरीत नक्षी) आणि मध्ये एक खोबण. सोबत दांड्याचं माप नुसतं सांगू नका, त्या आट्यांचा नट किंवा बोल्ट घेऊन जा. नॉबला बुशपेक्षा अर्धा मिमी मोठं, १२ च्या बुशला १२.५ मिमीचं, भोक ड्रिल स्टँडवर, कमी वेगाने पाडा. हातातल्या ड्रिलने ते सरळ येत नाही. भोकाभोवती निदान ५ मिमी भिंत उरायला हवी, म्हणजे १२.५ च्या भोकाला नॉबचा गळा २२.५ मिमीपेक्षा बारीक असेल तर हा मार्ग सोडा. बेकेलाइट कडांना तुकडे टाकतो, म्हणून आधी मास्किंग टेप लावा आणि टप्प्याटप्प्याने ८, १०, १२.५ असं वाढवत जा. जुन्या बेकेलाइटमध्ये काही वेळा ॲस्बेस्टॉस मिसळलेलं असे. मास्क लावा, पाण्याचे थेंब टाकत ड्रिल करा, भुगा फुंकू नका. बुश चिकटवण्याची पद्धत वरचीच.

गळा बारीक असेल तर आटे ओतता येतात. जुनं भोक आतून खरवडून दीड-दोन मिमी मोठं करा, खाचा पाडा, इपॉक्सी भरा आणि मेण लावलेला बोल्ट सरळ आत फिरवा. एम-सील यासाठी नको, त्याचे बारीक आटे कडेने तुटतात. स्टीलची पूड असलेला इपॉक्सी मिळाला तर उत्तम. २४ तासांनी बोल्टचं डोकं व्हाइसमध्ये धरून नॉब हाताने फिरवा. निघत नसेल तर बोल्टच्या डोक्याला मिनिटभर सोल्डरिंग आयर्न टेकवा, आतलं मेण वितळतं. दांड्यावरच इपॉक्सी ओतून आटे पाडायचा मोह होतो. मेणाचा हात एका जागी जरी चुकला तरी नॉब कायमचा दांड्याला.

बीटलवाल्यांनी ओतलेल्या आट्यांवर फार विसंबू नये. तिथे रिव्हर्ससाठी दांडा खाली दाबावा लागतो, प्रत्येक वेळी तो भार आट्यांवर येतो. पितळी बुशच बसवा, आणि भोकाची खोली अशी ठेवा की दांड्याचं टोक तळाला टेकेल आणि भार आट्यांऐवजी तळ घेईल.

ग्रब स्क्रूचे आणि दाबून बसवलेले नॉब

ग्रब स्क्रू तीन असतील तर तिन्ही आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळा, एकदम एकच आवळला तर नॉब तिरका बसतो. स्क्रूचं टोक पूर्वी जिथे रुतलं होतं तो खड्डा शोधून तिथेच आणा. दाबून बसवलेल्या नॉबमध्ये आतली प्लॅस्टिकची बाही झिजलेली असते. बाही बदलायची, आणि नवी बसवण्याआधी ती १० मिनिटं गरम पाण्यात ठेवायची.

सामान आणि तपासणी

बोल्ट, पातळ नट, टॅप आणि डाय मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. जुने नॉब कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्यात नाना पेठेत आणि जुन्या बाजारात शोधावे. जाताना आट्यांचं माप लिहिलेला कागद आणि त्याच मापाचा बोल्ट खिशात हवा. नॉब घेण्याआधी तो बोल्ट नॉबमध्ये फिरवून पाहा.

नॉब बसल्यावर इंजिन बंद, क्लच दाबलेला, सगळे गिअर रिव्हर्ससह टाकून पाहा. नवा नॉब उंच असेल तर तो पहिल्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये डॅशबोर्डला आणि मागे ओढताना सीटला लागत नाही ना, हे पाहा. कॉलम-शिफ्टमध्ये गुडघा आणि स्टिअरिंग यांच्यात बोटं अडकत नाहीत ना, तेही. दांडा आणि नॉब यांच्यावर खडूची एक बारीक उभी रेघ मारून ठेवा. १०० किमी चालवा, शक्यतो त्यात एखादा घाट असू द्या, आणि रेघ पाहा. रेघेचे दोन तुकडे आमनेसामने नसतील तर चेकनट पुन्हा आवळा. दुसऱ्यांदाही सरकली तर बुश नीट धरलेला नाही, नॉब काढून पुन्हा पहिल्या तपासणीपासून सुरुवात करा.